सोसायटीच्या गणपतीत लहान मुलांच्या कॅन्सरचं टेबल मांडायचंय, कमिटी नाही म्हणतेय. तुमचं मत?

टिल्लूचा_बाबा | १७ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. खारघरला राहतो, इथे एरवी नुसता वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा मुलगा टिल्लू (घरातलं नाव, खरं लिहीत नाही) जुलै २०२३ मध्ये गेला. साडेसात वर्षांचा होता. एएलएल म्हणजे ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा. सप्टेंबर हा जगभर लहान मुलांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना असतो, सोनेरी रिबन असते त्याची. यंदा गणपती २७ ऑगस्टला बसतायत आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, म्हणजे दोन्ही एकत्र आलंय. म्हणून मी आणि बायकोने कमिटीला विचारलं की मंडपाच्या बाजूला एक संध्याकाळ एक टेबल मांडू का, एक पोस्टर, लक्षणांचे कागद आणि प्लेटलेट देणाऱ्यांची नावं घ्यायला एक वही, बस. स्पीकर नको, भाषण नको.

सेक्रेटरी म्हणाले शुभ कार्यात कॅन्सरचं नाव नको हो. ठीक, एकवेळ समजू शकतो. पण पुढे म्हणाले, विसर्जनानंतर करा की, लगेच पितृपक्ष आहेच.

माणूस वाईट नाही, टिल्लू गेला तेव्हा रात्रभर आमच्याबरोबर होता. पण ते वाक्य ऐकून बायको जी उठली ती थेट घरी. मी तिथेच बसून चहा संपवला, का ते मलाही माहीत नाही.

आता आमचं कसं कळलं ते सांगतो, कारण कागदावर हेच लिहायचंय. डिसेंबर २०२०. लॉकडाऊनमध्ये घरात बसून बसून मुलं तेव्हा कुठे खाली खेळायला लागली होती. टिल्लू रात्री पाय चेपून मागायचा. आम्ही म्हटलं इतके महिने बसून होता, आता धावतोय तर दुखणारच. मग ताप, चार दिवस येतो, जातो, परत येतो. चेहरा पांढरा पडलेला, पण रोज समोर असलेल्या मुलाचा रंग उडालेला आईबापाला दिसत नाही हो, व्हिडिओ कॉलवर त्याच्या आत्याला दिसला. नडगीवर निळे डाग, तर आम्ही म्हणायचो कुठे धडपडतोस रे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, मग अ‍ॅन्टिबायोटिक, मग दुसरं अ‍ॅन्टिबायोटिक. यात सहा आठवडे गेले. शेवटी सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी केली तर रिपोर्ट यायच्या आधी लॅबमधून फोन आला की मुलाला घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा.

पोस्टरवर मी वरती मोठ्या अक्षरात लिहिलंय, "वेळेत ओळखलं असतं तर..."

कमिटीशी भांडू का सोडून देऊ? आणि पोस्टर कसं वाटतंय?

---

मिसळ_विथ_तर्री | १७ ऑगस्ट

दादा, काय बोलू कळत नाहीये. भांडा. आमच्या ठाण्यात काल दहीहंडीच्या डीजेने खिडक्या हादरत होत्या, ते सगळं शुभ आणि एक कागद वाटला तर अशुभ? आमची सोसायटी दरवर्षी डोळे तपासणी ठेवते मंडपात, कोणाचं काही बिघडलं नाही.

---

स्पष्टच_बोलतो | १७ ऑगस्ट

तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे पण कमिटीची बाजूही बघा. मंडपात लहान मुलं मोदक खायला येतात, तिथे "कॅन्सर" असं मोठं पोस्टर. घरी जाऊन विचारणार, आई मला पण होईल का? आणि पाय दुखणं, ताप येणं हे कोणत्या मुलाला होत नाही? उद्या प्रत्येक आई सीबीसी करत सुटेल. हा आजार मुळात किती मुलांना होतो?

---

सिस्टर_ऐरोली | १७ ऑगस्ट

स्पष्टच, प्रश्न बरोबर आहे म्हणून नीट उत्तर देते, मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीत.

आजार दुर्मीळच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात वर्षाला साधारण ४ लाख मुलं, म्हणजे ० ते १९ वयाची. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि बऱ्याच गरीब देशांत ३० टक्केही नाही. त्यांनी २०१८ साली कार्यक्रम सुरू केला त्यात ध्येय काय ठेवलंय तर २०३० पर्यंत निदान ६० टक्के मुलं जगावीत. औषधं बहुतेक तीच आहेत, जुनीच. फरक पडतो तो निदान न होणं, उशिरा किंवा चुकीचं होणं, औषध न मिळणं आणि अर्ध्यात उपचार सोडून गावी निघून जाणं यात.

पाय सगळ्यांचे दुखतात. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लंगडणं, दोन आठवडे न हटणारा ताप, पांढरं पडणं, मार न लागता निळे डाग, हिरड्यांतून रक्त, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर टॉनिक नको, तपासणी. मानेत वाढत जाणारी गाठ, आंघोळ घालताना पोटात हाताला लागणारा गोळा, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी, तोल जाणं. हे कागदावर घ्या. आणि डॉक्टर मंडळी वाचत असतील तर त्यांनाही हात जोडून, असं मूल आलं तर आधी सीबीसी आणि स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते) बघा, तोवर स्टिरॉइड देऊ नका. स्टिरॉइडने ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सर काही दिवस दबतो, मूल बरं दिसतं आणि निदान आणखी पुढे जातं. एक सीबीसी नॉर्मल आली म्हणजे विषय संपला असंही नाही, लक्षणं राहिली तर परत दाखवा.

मुलांनी विचारलं तर सांगायचं, हा कोणाला कोणाचा लागत नाही. वॉर्डातल्या मुलांशी खेळू न देणारे नातेवाईक मी पाहिलेत.

---

कळव्याची_आई | १८ ऑगस्ट

डोळ्यांचं राहिलं म्हणून लिहिते. माझी मुलगी दोन वर्षांची असताना तलावपाळीला संध्याकाळी फोटो काढले, फ्लॅश मारून. एक डोळा लाल आला जसा सगळ्यांचा येतो आणि दुसऱ्यात पांढरी चमक, मांजरीच्या डोळ्यासारखी. नवरा म्हणाला कॅमेरा खराब झालाय. मी पाच-सहा फोटो काढले, प्रत्येकात तोच डोळा. रेटिनोब्लास्टोमा निघाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर. डोळा काढावा लागला पण पोरगी वाचली, आता आठवीत आहे, नकली डोळा आहे हे तिच्या वर्गात कोणाला माहीत पण नव्हतं, तिनेच एकदा मैत्रिणींना काढून दाखवला आणि दोघी किंचाळल्या. आगाऊ आहे.

फोटोतल्या डोळ्याचं मोठ्ठं लिहा प्लीज. ते बघायला डॉक्टर लागत नाही.

---

निसर्गोपचार_प्रेमी | १८ ऑगस्ट

पपईच्या पानांचा रस दिला असता तर प्लेटलेट वाढल्या असत्या. केमोनेच पोरं जातात. आणि सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनतं हे आता सायन्सनेही मान्य केलंय, मग घरची पानं का नको?

---

सिस्टर_ऐरोली | १८ ऑगस्ट

ज्याचं मूल गेलंय त्याच्या धाग्यावर "दिला असता तर" लिहिताना हात कसा धजावतो हो तुमचा.

सदाफुलीपासून जे बनतं ना, विन्क्रिस्टीन, तीच केमो आहे. १९६३ पासून वापरात आहे. टनावारी पानांतून चिमूटभर निघतं आणि मुलाच्या वजन-उंचीवरून हिशेब करून मिलिग्रॅममध्ये दिलं जातं. पान चावून विषबाधा होते. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात, तेव्हा कच्चा रस म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण.

---

टिल्लूचा_बाबा | १८ ऑगस्ट

सिस्टर, राहू द्या, अशी वाक्यं ऐकायची सवय झालीय आता.

सदाफुलीवरून आठवलं. आमच्या गॅलरीत आहे एक, जांभळट गुलाबी. विन्क्रिस्टीनने टिल्लूच्या पायातली ताकद जायची, पाऊल उचलायचंच नाही, बदकासारखा फताक फताक चालायचा. त्याला कोणीतरी सांगितलं की ते इंजेक्शन या फुलातून येतं. तेव्हापासून सुई असली की आदल्या दिवशी झाडाला पाणी घालायचा नाही. शिक्षा. आणि काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) चांगले आले की दोन तांबे.

काउंट त्याला पाठ असायचे, क्रिकेटच्या स्कोअरसारखे. एएनसी, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पाचशेच्या खाली म्हणजे घरात, हजार पार म्हणजे खाली जायला परवानगी, एकदा नऊशे ऐंशी आले तर लॅबवाल्या काकांना फोन लावून द्या म्हणाला, वीसच कमी आहेत, वाढवा की. डेक्साच्या (उपचारातलंच स्टिरॉइड) दिवसांत भूक अशी लागायची की रात्री दोनला बटाट्याची भाजी हवी, काचऱ्या नको, उकडलेल्या बटाट्याचीच, आणि बायको कुकर लावायची. त्या शिट्टीने वरचे काका उठायचे पण त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

परळला ट्रेनने जायचो. लोकलमध्ये अपंग आणि कर्करोगग्रस्तांसाठी जो डबा असतो ना त्यात. दरवेळी कोणीतरी हटकायचंच, तुम्ही इथे कसे, धडधाकट दिसताय. मग टिल्लू टोपी काढून दाखवायचा. टक्कल. त्याला मजा वाटायची, मला नाही.

---

मोगरा_घोडबंदर | १९ ऑगस्ट

दादा, दोन दिवस लिहू की नको करत होते. तुमच्या पोस्टरबद्दल बोलायचंय, रागावू नका.

माझी मुलगी २०११ ला गेली, सहा वर्षांची. डीआयपीजी. हा कॅन्सर मेंदूच्या देठात होतो, ऑपरेशन करून काढता येत नाही, रेडिएशनने थोडे महिने मिळतात. आम्हाला नऊ मिळाले. मान वाकडी करून टीव्ही बघायला लागली आणि आठव्या दिवशी एमआरआय झाला होता. आठव्या दिवशी. याहून वेळेत कोणी ओळखत नाही. तरी गेलीच.

आणि मग पुढची कित्येक वर्षं प्रत्येकजण मला विचारायचा, आधी काही कळलं नाही का गं? प्रेग्नन्सीत काही खाल्लं होतंस का? मोबाईल बघायची का ती? सासूबाईंनी तर पत्रिका तीन ज्योतिषांना दाखवली. बहुतेक मुलांच्या कॅन्सरला आईबापाने केलेलं न केलेलं काहीही कारण नसतं हे डॉक्टरांनी मला सांगितलं, एकदा नाही दहादा, पण दहादा सांगूनही ते आत शिरायला वेळ लागला.

तुमच्या मंडपात एखादी माझ्यासारखी येईल. ती "वेळेत ओळखलं असतं तर" हे वाचून काय करेल सांगू? तिथून वळून घरी जाईल. आणि खरं सांगा, ते वाक्य तुम्ही लोकांसाठी लिहिलंय का स्वतःसाठी?

---

टिल्लूचा_बाबा | १९ ऑगस्ट, रात्री १.४०

ताई, रागावलो नाही.

स्वतःसाठीच.

सहा आठवडे मी रोज मोजतो. ७ डिसेंबरला पहिल्यांदा पाय चेपून मागितले, कॅलेंडर बघून तारीख काढलीय मी. बायकोला हे माहीत नाही.

---

सिस्टर_ऐरोली | १९ ऑगस्ट

दादा, एक सांगते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. डोळ्याच्या गाठीत उशीर फार महागात पडतो, दृष्टी जाते, जीवही जातो. पण एएलएलमध्ये काही आठवड्यांचा उशीर आणि पुढे मूल वाचणं न वाचणं यांचा सरळ संबंध अभ्यासांत दिसत नाही. तिथे त्या पेशींचा स्वभाव काय आणि पहिल्या महिन्याच्या औषधाला त्यांनी कसा प्रतिसाद दिला हे जास्त ठरवतं. टिल्लूचं रिलॅप्स झालं ना, म्हणजे आजार उलटला? कधी?

---

टिल्लूचा_बाबा | १९ ऑगस्ट

डिसेंबर २०२२. मेंटेनन्स (शेवटचा, लांबचा टप्पा औषधांचा) चालू असतानाच, संपत आलं होतं.

---

सिस्टर_ऐरोली | १९ ऑगस्ट

उपचार चालू असताना उलटलेला आजार चिवट असतो. त्याचा तुमच्या डिसेंबर २०२० च्या कॅलेंडरशी संबंध नाही. तुमच्या डॉक्टरांना एकदा भेटून विचारा, बायकोला घेऊन जा. मुलं गेल्यावर दोन-दोन वर्षांनी आईबाप असे प्रश्न घेऊन येतात, डॉक्टर भेटतात, खरंच.

---

स्पष्टच_बोलतो | १९ ऑगस्ट

मी परवा जे लिहिलं ते परत वाचलं. मत तसंच आहे की "कॅन्सर" शब्द मंडपाच्या तोंडाशी नको. पण टेबल असावं. प्लेटलेटची वही पुढे ठेवा, त्याला कोण नाही म्हणेल? रक्तदान गणपतीत होतंच की.

---

टिल्लूचा_बाबा | २० ऑगस्ट

ही आयडिया बायकोलाही पटली.

रक्तदान वेगळं आणि हे वेगळं ते मात्र समजावून सांगावं लागतं. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे शिबिरात शंभर बाटल्या जमल्या तरी पुढच्या महिन्यात उपयोग नाही. एसडीपीसाठी, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनने प्लेटलेट काढतात त्यासाठी, माणूस जिवंत, तयार आणि फोन उचलणारा लागतो, तास-दीड तास मशीनला बसायचं, प्लेटलेट काढून बाकी रक्त परत शरीरात. टिल्लूच्या नाकातून रक्त थांबत नव्हतं त्या रात्री एक मुलगा ऐरोलीहून बाईकवर आला होता, पावसात, अकरा वाजता. ना ओळख ना पाळख. जाताना टिल्लूला म्हणाला, माझ्या पिवळ्या पिशवीतून बाईक चालवायची अक्कल पण आलीय तुला. त्याचं नाव घ्यायचंच राहिलं.

---

नौपाडा_आजोबा | २१ ऑगस्ट

मी ७७ वर्षांचा आहे, नातवाकडून टाईप करून घेतोय. १९५६ साली माझी धाकटी बहीण गेली, पाच वर्षांची. ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. गावात म्हणाले हाडी मुरलेला ताप, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. दहा-बारा दिवसांत खेळ आटोपला. इथली लक्षणं वाचून परवा रात्री मी नातवाला म्हटलं, अरे हे तर आमच्या बेबीचं. तेव्हा या रोगावर पहिलं औषध अमेरिकेत डॉक्टर फार्बर यांनी देऊन फक्त आठ-नऊ वर्षं झाली होती असं नातवाने शोधून सांगितलं, म्हणजे आमच्यापर्यंत ते पोहोचणं शक्यच नव्हतं. ऐकून बरं वाटलं, इतक्या वर्षांनी.

आईने त्यानंतर तिचं नाव घरात घेतलं नाही आणि कोणाला घेऊ दिलं नाही. आई गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी बेबीचं परकर-पोलकं निघालं, डांबरगोळ्या ताज्या होत्या. म्हणजे ती बदलत होती.

तुम्ही टेबल मांडाच.

---

कळव्याची_आई | २१ ऑगस्ट

आजोबा 🙏

दादा कागदावर राहायची सोय पण लिहा. बाहेरगावच्या लोकांना कळत नाही कुठे जायचं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तुमच्या खारघरला पण आहे, मुलाला आणि आईबाबांना फुकट राहायला देतात उपचार होईपर्यंत. अर्ध्यात सोडून जाणारे लोक खोलीच्या भाड्यापायीच जातात बहुतेक. महात्मा फुले योजनेचं पण लिहा.

आणि सोनेरी रिबन ठाण्यात जांभळी नाक्याला मखराच्या सामानात घ्या, आता सीझनला ढीग असतो.

---

टिल्लूचा_बाबा | ४ सप्टेंबर

उशिरा अपडेट देतोय, सॉरी. काल संध्याकाळी झालं टेबल. मंडपाच्या आत नाही, पार्किंगच्या पिलरपाशी, कमिटीने शेवटी तेवढं दिलं. पाऊस होताच. वर "प्लेटलेट देणाऱ्यांची वही" आणि खाली "मुलांमध्ये हे दिसलं तर दाखवून या". जुनं वाक्य काढलं. पोस्टरवर फोटो टिल्लूचा नाही, सदाफुलीचा लावला, बायकोनेच सुचवलं.

एकवीस नावं आली. दोघांनी वजन खोटं सांगितलं असा संशय आहे. सेक्रेटरी आठला आले, काही बोलले नाहीत, वहीत नाव लिहिलं, मग कळलं साठीच्या वर आहेत, चालत नाही. तर म्हणाले मुलाचं लिही, त्याला मी सांगतो. त्यांच्या मिसेसनी रिबन संपल्यावर मखराची उरलेली सोनेरी लेस आणून कापून दिली, ती टोचते फार, पण लोकांनी लावली.

एक बाई बराच वेळ पिलरमागे उभ्या होत्या. बायको गेली त्यांच्याकडे, दोघी अर्धा तास बोलत होत्या. काय ते मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मोगरा ताई, बरं झालं वाक्य काढलं.

कॅलेंडरचं पण सांगितलं बायकोला. तिच्याकडे वेगळीच तारीख होती. २९ नोव्हेंबर.

---

मिसळ_विथ_तर्री | ४ सप्टेंबर

एकवीस म्हणजे भारीच. बाविसावं माझं घ्या, ठाण्याहून येईन, फोन सायलेंटवर ठेवत नाही.

दादा एक विचारू? टिल्लूला काय आवडायचं? म्हणजे आजाराचं सोडून.

---

टिल्लूचा_बाबा | ४ सप्टेंबर

अरे, कोणी विचारतच नाही हे. मेट्रो! बेलापूर-पेंधर. त्याच्या अख्ख्या आयुष्यभर नुसते खांब होते, मग वरून ट्रायलच्या रिकाम्या गाड्या जायला लागल्या, आणि हा रिक्षातून मान बाहेर काढून ओरडायचा, अहो थांबा आम्हाला घ्या. १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, चार महिने उशीर. आम्ही त्या आठवड्यात गेलो होतो दोघं, अकरा स्टेशनं. त्याचं सगळं ठरलेलं होतं, पहिला डबा, पुढची काच, आणि पेंधर आलं की उतरायचं नाही, दार बंद होईपर्यंत लपून बसायचं, म्हणजे तिकीट न काढता परत बेलापूर. मी त्याला म्हणायचो अरे पकडतील. तर म्हणायचा, टोपी काढेन ना मी.

---